घाटात, कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला टायर कोणते घ्यायचे

मे संपत आला की मित्रांपैकी कुणीतरी विचारतंच, पावसाळ्यात भटकायचंय तर गाडीला मोठ्या नक्षीचे मड टायर टाकू का? माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच असतं, का ते सांगतो.

आधी वर्षभरात गाडी कुठे कुठे गेली ते आठवा. ताम्हिणीतून कोकणात, सांदणसाठी साम्रदला, कुठल्या तरी गडाच्या पायथ्याचा शेवटचा दोन-तीन किलोमीटर कच्चा रस्ता, हे सगळं धरलं तरी बहुतेक अंतर डांबरच निघतं. आणि पावसात ओल्या डांबरावर मड टायर म्हणजे एमटी मार खातात, कारण ठोकळ्यांमधे मोठ्या फटी, रस्त्याला टेकणारं रबर कमी, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते, वर आवाज येतो आणि ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. एचटी म्हणजे हायवे टेरेन, साधे रस्त्याचे टायर, डांबरावर छान, पण धारदार दगडांवर त्यांची साईडवॉल लवकर कापली जाते. म्हणून आपल्या फिरण्याला एटी म्हणजे ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे, थार असो, जिमनी असो नाहीतर जुनी डस्टर.

काळ्या मातीत मात्र एटीचाही भरवसा धरू नका. जुन्नरकडे एका पाणंदीत पाऊस पडून गेल्या गेल्या गाडी घातली, वीस-पंचवीस फुटांत नक्षी चिखलाने अशी गच्च भरली की टायरवरून बोट फिरवलं तर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत लागत होता, शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. तिथे रस्ता वाळेपर्यंत थांबायचं, बस.

साईजच्या बाबतीत माझा हट्ट आहे, कंपनीची साईज सोडू नका. 215/65 R16 98H असं लिहिलेलं असतं त्यात 215 म्हणजे मिलिमीटरमधे रुंदी, 65 म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे साधारण 140 मिलिमीटर, 16 इंच रिम, 98 म्हणजे एका टायरवर 750 किलो वजन चालतं आणि H म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊच नका, चार माणसं आणि कॅरियरवर सामान असतं तेव्हा तोच आकडा कामाला येतो. दिसायला भारी म्हणून मोठी अलॉय घातली की तेवढी साईडवॉल कमी होते, आणि खड्ड्यात धक्का खाते ती साईडवॉलच.

दुकानात टायर बसवायच्या आधी वाकून तारीख बघा. टायरच्या साईडवॉलवर DOT ने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात, 3224 म्हणजे 2024 चा 32 वा आठवडा. एका बाजूला नसतील तर टायर उलटा करून बघा. एकदा मला "नवा स्टॉक" म्हणून तीन वर्षांपूर्वीचे टायर दाखवले होते, न वापरलेलं रबरही पडून पडून कडक होतं, त्यामुळे सरळ नाही म्हणा.

उरलेल्या पैशात बारा व्होल्टचा चांगला पंप, प्रेशर गेज आणि दोरीवालं पंक्चर किट घ्या. चिखलात किंवा भुसभुशीत वाळूत हवा 33 वरून 20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड लगेच बदललेली जाणवते, पण मग गाडी हळूच चालवायची आणि डांबर लागायच्या आत हवा परत भरायचीच, कमी हवेवर वेगात टायर तापून फुटतो. दगडांवर एवढी उतरवू नका. आणि साईडवॉलला कट गेला तर किट काही कामाचं नाही, स्टेपनीच लागते, तेव्हा चार एटी घेताना पाचवाही त्याच साईजचा घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याची हवा बघा, ती बघायचीच राहते.