विषय सोडण्याआधी डीएसओला विचारा

ठाणे-नवी मुंबईतून एफ-१ व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या मुलांनो, सेमिस्टर जड जातंय म्हणून परस्पर विषय ड्रॉप करू नका. पदवीला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात. त्याखाली जायचं तर, अगदी आजारपण असलं तरी, आधी डीएसओची म्हणजे विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्या. व्हिसाची तारीख लांबची आहे म्हणून निर्धास्त राहू नका, स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथं राहण्याचा हक्क, त्याआधीही जातं. खोली बदलली की १० दिवसांत डीएसओला पत्ता कळवा. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम. ओळखीच्या दुकानात रोखीचं काम तर अजिबात नको! डिसेंबरात वाशीला घरी यायचं असेल, तर निघण्याआधी आय-२० चं, म्हणजे विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मचं, दुसरं पान उघडा. परतीच्या दिवशी तिथली डीएसओची प्रवासाची सही एक वर्षाच्या आतली हवी.