मी ओढून काढलेली थोरॅसिक डक्ट

डिसेक्शन हॉलमध्ये छाती उघडून तीन दिवस झाले होते. अन्ननलिका बाजूला सारून मी चिमट्याने मागची जाळी साफ करत होतो. तिच्यात एक फिकट दोरा लोंबत होता, तोही ओढून बादलीत टाकला. थोड्या वेळाने मॅडम आल्या. "थोरॅसिक डक्ट दाखव." सगळ्या टेबलाने माझ्याकडे पाहिलं.

थोरॅसिक डक्ट म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी लसिकावाहिनी, लसिका (लिम्फ) रक्तात नेऊन सोडणारी नळी. बादलीत गेलेला तो दोरा हीच होती. ती सुमारे ४० सेंटिमीटर लांब असते, पण रुंदीला जेमतेम काही मिलिमीटर. उजवीकडे अझायगस नीला, डावीकडे महारोहिणी, मधल्या फटीत ही. पहिल्या वर्षाला आलेल्यांना म्हणूनच सांगतो, त्या फटीत चिमटा नको, बोट फिरवा.

वाहिन्यांच्या भिंतीचे तीन थर सगळेच पाठ करतात. मीही केले आणि विसरलो. डोक्यात राहिलं ते कामावरून. महारोहिणीला हृदयाचा दणका झेलायचा असतो म्हणून तिच्यात लवचिक तंतू भरपूर. छोट्या रोहिण्यांना रक्त कुठे किती सोडायचं ते ठरवायचं असतं म्हणून तिथे स्नायू. केशवाहिन्यांना देवाणघेवाण करायची, तर पेशींचा एकच थर पुरतो. नीलांमध्ये दाब कमी, म्हणून भिंत पातळ आणि हातापायांत झडपा.

झडपा होस्टेलवरच बघा. दंडाला पट्टा बांधा. फुगलेल्या नीलेवर एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्याने रक्त खांद्याच्या दिशेने पुढच्या झडपेपलीकडे सारा आणि ते बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो. रक्ताभिसरण दाखवून देणाऱ्या हार्वेने १६२८ साली छापलेला हा प्रयोग फुकटात होतो. पायातली हीच झडप निकामी झाली की व्हेरिकोज व्हेन्स. ओपीडीत मात्र कुणी तसं म्हणणार नाही. "शिरा फुगल्यात" म्हणतील. "शिरेवर शीर चढली" म्हणाले तर तो बहुधा स्नायूचा गोळा असतो, नीलांचा त्याच्याशी संबंध नाही. हे कळायला मला इंटर्नशिप लागली.

लसिकेला अभ्यासात जेमतेम दोन पानं मिळतात, आणि विदर्भात पोस्टिंग लागलं की तीच कमी पडतात. केशवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं परत रक्तात आणायचं काम या वाहिन्यांचं. क्युलेक्स डासामार्फत आलेले हत्तीरोगाचे कृमी नेमके त्यांच्यातच घर करतात. वाहिन्या सैलावतात, झडपा मिटत नाहीत, पाय सुजतो. कृमींची पिल्लं रक्तात रात्री फिरतात, म्हणून बोटातून रक्त घ्यायचं रात्री दहानंतर. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास फसवणारी गोष्ट अशी, की पाय हत्तीसारखा झालेल्या रुग्णाच्या रक्तात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. त्या टप्प्यावर गोळ्यांपेक्षा रोज साबणाने पाय धुणं, बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करणं आणि पाय उंच ठेवणं जास्त उपयोगी. भेगांतून जंतू शिरले की ताप येतो आणि प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढते.

सुजलेला पाय दाबून खड्डा पडतो का ते सगळेच बघतात. तुम्ही आणखी एक करा. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूला, कातडीची चिमूट घ्या. चिमटीत कातडी येतच नसेल, तर सूज लसिकेची धरून चाला. चिमूट आली म्हणून मात्र लसिकेची नाहीच, असं लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं.