बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळचे मैदान कसे चालवावे

पुणे-पिंपरी चिंचवडच्या कडेला मोठा गृहप्रकल्प उभा राहू लागला की त्याच्या पाठीमागे पत्र्याच्या खोल्यांची वस्तीही उभी राहते आणि तीत कलबुर्गी-रायचूरकडची, मराठवाड्यातली, बिहार-छत्तीसगडमधली मुले शेजारी शेजारी राहू लागतात. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यानंतरचा क्रीडावर्ग सुरू करताना, काम संपले की हे मूल इथून जाणार आहे, हे धरूनच सगळी आखणी करावी.

खेळ म्हणून मी खो-खो सुचवेन. चेंडूचा खर्च नाही, आणि कन्नड, हिंदी, मराठी बोलणाऱ्या मुलांना ‘खो’ हा एकच शब्द पुरतो. शिवाय पाठलाग करणाऱ्या संघातले नऊपैकी आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. त्यामुळे बुजरे मूलही पहिल्या दिवशी डावात बसते आणि पाठीवर खो पडला की आपसूक धावू लागते. नियमाप्रमाणे मैदान 27 बाय 16 मीटरचे असते, पण जागा कमी असल्यास लहान आखावे. फक्की मारण्याआधी दहा मिनिटे सर्वांनी मिळून खिळे, खडी आणि बाइंडिंग वायरचे तुकडे वेचावेत, कारण निम्मी मुले अनवाणी असतात. खांबासाठी बांबू वापरल्यास तो नीट तासून घ्यावा.

मुली येत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी त्यांच्या कडेवर कोण आहे ते पाहावे. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी कडेला उभी राहून खेळ पाहते आणि निघून जाते. सावलीत एक सतरंजी अंथरून तिथे एखाद्या आजींना बसवले, तर ती मैदानात उतरते. साडेपाचला सुरू करून अंधारापूर्वी सोडावे. पाणी भरायचे आणि चूल पेटवायची असते.

मार्गदर्शक ताई-दादांची निवड मात्र सावकाश करावी. आठ-दहा मुलांमागे एक जण असावा आणि तो वर्षभर तोच असावा. रोज नवा चेहरा येण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा ठरलेला चेहरा आलेला बरा. अशाच वस्तीत वाढून महाविद्यालयात पोहोचलेला तरुण मिळाला, तर क्रीडाशिक्षकापेक्षाही तो उपयोगी पडतो. खेळानंतरचा अर्धा तास गप्पांचा आणि वाचनाचा ठेवावा, त्याची शिकवणी करू नये. मूल आणि मोठा माणूस बंद खोलीत एकटे राहणार नाहीत हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि 1098 हा संकटातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा. परवानगी बिल्डरकडून लेखी घ्यावी, पण मुकादमाशी आधी बोलावे, कारण वस्तीत चालतो तो त्याचाच शब्द.

शाळेत नाव नसलेली मुले हमखास भेटतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयानुरूप वर्गात बसवावे लागते, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवताही येत नाही. मुख्याध्यापकांकडे जाताना ही कलमे छापून सोबत न्यावीत. वाद निम्म्याने कमी होतो.

एका वहीत मुलाचे गाव, तालुका, गावाकडच्या नातेवाइकाचा मोबाइल आणि आताच्या शाळेचे नाव लिहून ठेवावे. मूल गेल्यावर ताईने आठवड्याच्या आत फोन करावा. बोलण्यासारखे काही सुचले नाही, तर तिकडच्या शाळेत खो-खोचा संघ आहे का, एवढे विचारले तरी चालते.