कृतिसंशोधन: आधी चुका मोजा, मग शीर्षक लिहा

बी.एड.ची बरीच कृतिसंशोधनं (म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण शोधून तिच्यावर उपाय करून पाहणं) ग्रंथालयात सुरू होतात आणि तिथेच संपतात. मागच्या बॅचचा अहवाल काढायचा, इयत्ता बदलायची, शाळा बदलायची, उपाय म्हणून ‘पीपीटीचा वापर’ लिहायचा. मार्गदर्शकांची सही मिळते. मुलाच्या वहीतलं चुकीचं ‘दूधात’ मात्र ‘दूधात’च राहतं, ‘दुधात’ होत नाही. पुढे एम.एड.ला लघुशोधप्रबंध करताना हीच सवय नडते, कारण तिथे तोंडी परीक्षेत ‘ही समस्या तुम्हाला कशावरून दिसली?’ असा प्रश्न येतो आणि सांगण्यासारखं काही नसतं.

खालची पद्धत एका उदाहरणावर सांगितली आहे: इयत्ता सहावी, मराठी, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. विषय गणित असो वा विज्ञान, क्रम हाच.

वेळ आधी मोजा. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून केलेला अध्यापनाचा सराव, २० आठवड्यांची, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. सोळा आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. त्यातून दिवाळी, घटक चाचणी, सहामाही आणि स्नेहसंमेलनाची तालीम वजा करा. संशोधनाला सलग सहा आठवडे मिळाले तरी पुष्कळ, म्हणून समस्येचा शोध पहिल्याच आठवड्यात सुरू करायचा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि विषयशिक्षकांशी तासिकांचं बोलणं त्याच आठवड्यात उरका.

समस्या अरुंद करणं

सगळं काम इथेच बिघडतं, म्हणून इथे घाई नको.

‘विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुका’ ही समस्या नव्हे, ती तक्रार झाली. तक्रारीवर उपाय शोधला की तो हमखास गोल गोल निघतो: सराव घेतला, तक्ते लावले, खेळ घेतले. चुका नेमक्या कुठल्या आणि त्या का होतात, हे कळेपर्यंत शीर्षक लिहूच नका. मार्गदर्शकांनी आठवडाभरात शीर्षक मागितलं तर कच्चं द्या आणि ‘निदानानंतर बदलेल’ असं स्पष्ट सांगा.

निदानासाठी मुलांच्या निबंधवह्या घ्या. प्रत्येक मुलाचा एकच ताजा निबंध बघा, जुन्या वह्या चाळत बसू नका. ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक जशीच्या तशी उतरवा. डावीकडे हजेरी क्रमांक, उजवीकडे तीन रकाने. पहिल्यात मूळ शब्दच चुकलेला: ‘फुल’, ‘दुध’, ‘विट’. दुसऱ्यात मूळ शब्द बरोबर, पण प्रत्यय लागल्यावरही दीर्घ तसाच ठेवलेला: ‘फूलाला’, ‘दूधात’, ‘वीटेवर’. तिसऱ्यात एकाच पानावर दोन्ही रूपं: वर ‘जमिनीवर’, खाली ‘जमीनीवर’.

हे तीन आजार वेगळे आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिल्या रकान्यातल्या मुलाच्या डोळ्यांसमोरून तो शब्द पुरेसा गेलेलाच नाही, त्याला वाचन हवं. दुसऱ्यातल्याला शब्द येतो, सामान्यरूपाचा (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्याचा) नियम येत नाही. तिसऱ्यातल्याला नियमही येतो, पण लिहिलेलं परत वाचायची सवय नाही. तिघांना एकच ‘उपक्रम’ दिला तर गुण थोडेफार वाढतील, पण ते कशाने वाढले हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ज्या रकान्यात निम्म्याहून जास्त चुका पडतात, तोच तुमचा विषय. बाकीचे दोन ‘परिमर्यादा’ (अभ्यासात जे घेतलं नाही ते) या मथळ्याखाली टाका आणि मोकळे व्हा.

दुसरा रकाना भरला असं धरू. मग समस्या अशी उतरते: ‘इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांना अकारान्त शब्दांच्या सामान्यरूपात उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व लिहिताना येणाऱ्या अडचणी व त्यावर शब्दजोडी सरावाची परिणामकारकता’. लांबलचक आहे (उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरं अक्षर), पण यातला प्रत्येक शब्द मोजता येतो.

शब्द निवडताना तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बाहेर ठेवा. ‘शरीर’चं ‘शरीरात’, ‘गीत’चं ‘गीतात’ होतं, तिथे दीर्घ बदलत नाही. यादीत असे दोन शब्द घुसले तर नियम नीट शिकलेला मुलगाच ‘शरिरात’ लिहून गुण घालवेल आणि तुमचं कोष्टक उलटं बोलेल.

पूर्वचाचणी

वीस वाक्यांचं श्रुतलेखन पुरे. दहा वाक्यांत पुढे सराव घेणार असलेले शब्द (दूध, वीट, चूल, जीभ, जमीन यांसारखे), दहांत अजिबात न शिकवायचे (पूल, मीठ, ऊस, धूळ, पीक यांसारखे). उत्तरचाचणीत (सरावानंतरच्या चाचणीत) फक्त पहिले दहा सुधारले, तर मुलांनी शब्द पाठ केले. दुसरेही सुधारले, तर नियम पोहोचला. ही विभागणी नसलेली चाचणी घेण्यात अर्थ नाही.

वाचताना ‘दूऽधात’ असं ताणू नका. छात्राध्यापक नकळत ताणतात आणि मुलं त्या सुरावर जातात. नेहमीच्या बोलण्यात वाचा, प्रत्येक वाक्य दोनदा, आणि दोन्ही चाचण्यांना वाचणारा एकच. ‘कंसातील शब्द योग्य रूपात लिहा’ हा प्रकार टाळा. तिथे मूळ शब्द समोर छापलेला असतो, तो मुलाला येतो की नाही हे कळतच नाही.

आणखी एक फसवणूक. सगळ्यांत कमी गुणांची बारा मुलं निवडली की दुसऱ्या वेळी त्यांचे गुण काही न करताही जरा वाढतात. पहिल्या दिवशी कुणाला ताप होता, कुणाला शब्द ऐकू आला नव्हता. म्हणून पहिल्या चाचणीवर मुलं निवडा, चार दिवसांनी वेगळ्या वाक्यांची तशीच चाचणी घ्या आणि तिचेच गुण पूर्वचाचणीचे म्हणून धरा.

उपक्रम सोपा आहे: पंधरा मिनिटांची दहा सत्रं, रोज पाच जोड्या (दूध–दुधात), बदललेलं अक्षर अधोरेखित करणं, शेजाऱ्याची वही तपासणं. गैरहजेरी रोज नोंदवा. तीनपेक्षा जास्त सत्रं चुकलेल्या मुलाला गुपचूप वगळू नका, त्याचे गुण वेगळे दाखवा.

उत्तरचाचणी सराव संपल्यावर लगेच घ्या, आणि जमलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

आकडेमोड

गुणांतली वाढ योगायोगाची नाही ना, हे टी-चाचणीने पाहतात. गट एकच आहे, तेव्हा दोन स्वतंत्र गटांचं टी-सूत्र चालत नाही, तरी तेच सर्रास वापरलेलं दिसतं. प्रत्येक मुलाच्या दोन गुणांतला फरक काढा, त्या फरकांचं मध्यमान काढा आणि फरकांच्या प्रमाण विचलनाला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून जे येईल त्याने त्या मध्यमानाला भागा. येतो तो टी. बारा मुलांसाठी स्वाधीनता मात्रा (मुलांच्या संख्येपेक्षा एक कमी) ११, आणि ०.०५ सार्थकता स्तरावर द्विपुच्छ (वाढ-घट दोन्ही धरणाऱ्या) चाचणीसाठी कोष्टकातलं मूल्य २.२०. टी त्याहून मोठा आला तरच फरक सार्थक. चुकीच्या सूत्राने मात्रा २२ धरली जाते, मूल्य २.०७ घेतलं जातं, आणि कोणतं मूल कितीने सुधारलं हे हिशोबात हरवतं.

निष्कर्ष त्या वर्गापुरताच लिहा. ‘महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना’ अशी वाक्यं बारा मुलांवरून निघत नाहीत. न शिकवलेल्या शब्दांत सुधारणा दिसली नाही तर तेच लिहा, त्याने शून्य परिकल्पना (‘उपक्रमाने फरक पडत नाही’ हे गृहीतक) टिकली एवढंच होतं.

परिशिष्टात एकेका मुलाची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी शेजारी शेजारी जोडा. नाव झाकून सांकेतिक क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक गुणांच्या कोष्टकातही ठेवा.