२०४८ खेळताय? मग या चुका टाळा

लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर लोक मोबाइलवर २०४८ खेळताना दिसतात. बहुतेकांचा डाव एकाच कारणाने संपतो: बोट वर सरकतं. चार बाय चारचा पट, बोट सरकवाल त्या दिशेला सगळे आकडे सरकतात, सारखे आकडे भिडले की बेरीज, आणि असं करत २०४८ गाठायचा, एवढाच खेळ. पण चारपैकी एक दिशा आपणहून सोडून द्यायची, हे नवख्यांना पटतच नाही.

सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात बसवायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही. माझा कोपरा कायम खाली डावीकडचा. त्यामुळे माझ्या दिशा तीनच: खाली, डावीकडे, उजवीकडे.

माझ्या भाच्याचा डाव सांगतो. खालची ओळ डावीकडून १०२४, ५१२, २५६, १२८, अगदी बघत राहावी अशी. वरच्या ओळीत १०२४ च्या डोक्यावर घर रिकामं, मग ४, ३२, ६४. तेवढ्यात त्या ४ च्याच उभ्या रांगेत, सगळ्यात वर, आणखी एक ४ आला. "मामा, जोडी झाली!" म्हणत त्याने बोट वर सरकवलं. जोडी जुळून ८ झाला खरा, पण १०२४ सुद्धा पटाच्या माथ्यावर गेला. नऊ घरं रिकामी होती, त्यातली तीन १०२४ च्या खालची. नवा २ नेमका तिथेच पडला. घाईने खाली सरकवलं तर २ कोपऱ्यात आणि १०२४ त्याच्या डोक्यावर. वर १०२४, शेजारी ५१२. त्या २ ला जोडीदार मिळणार कुठून? तो सोडवायच्या नादात अख्खी ओळ विस्कटली आणि पट भरला.

उभी जोडी वर सरकवून जुळते तशी खाली सरकवूनही जुळते. त्याने खाली सरकवलं असतं तर तोच ८ मिळाला असता आणि १०२४ जागचा हलला नसता. वर जाण्याआधी एवढं बघायला एक क्षण पुरतो, पण थांबायची तयारी हवी.

कधीकधी वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. खालच्या ओळी गच्च भरलेल्या, कुठेच जोडी नाही, रिकामी जागा फक्त वर. तेव्हा वर जा आणि लगेच खाली या. अशा वेळी नवी टाइल, म्हणजे नवा आकडा, कोपऱ्याच्या उभ्या रांगेत पडण्याची शक्यता चारात एक असते. तेवढा धोका पत्करावा लागतो.

दुसरी चूक म्हणजे खालची ओळ अर्धवट ठेवून उजवीकडे जाणं. ओळ भरलेली आणि शेजारी-शेजारी आकडे वेगळे असतील, तर डावी-उजवीकडे कितीही जा, ती हलत नाही. पण त्या ओळीत जोडी जुळली की एक घर मोकळं होतं. ते भरेपर्यंत मी उजवीकडे जात नाही, फक्त डावीकडे आणि खाली.

घाई करून इथे काही मिळत नाही. दर खेळीला एक नवी टाइल येते: दहात नऊ वेळा २, एखाद्या वेळी ४. म्हणजे पटावरची बेरीज दर खेळीला सरासरी २.२ ने वाढते, आणि २०४८ ला साधारण ९३० खेळ्या लागतात. दोन बोटांनी खाली-डावीकडे, खाली-डावीकडे भराभर बडवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

२, २, ४ डावीकडे सरकवलं तर ४, ४ मिळतं, थेट ८ नाही. एका खेळीत टाइल एकदाच जुळते. ॲप बिघडलेलं नसतं.

दुसरी ओळ उजवीकडून चढवा: १२८ च्या डोक्यावर ६४, मग डावीकडे ३२, १६. रचना नागमोडी राहिली की बेरजा एकामागून एक लागत जातात.

मार्च २०१४ मध्ये गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने हा खेळ बनवला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणून आज त्याच्या असंख्य नकला मिळतात, आणि कित्येकांत खेळी मागे घेण्याचं बटण असतं. ते बटण मला अजिबात मान्य नाही. त्याच्या आधाराने शिकलेल्याला भरलेल्या पटातून वाट काढायची सवयच लागत नाही.

आणि २०४८ झाल्यावर खेळ बंद करू नका. तिथे 'पुढे चालू' निवडा. त्याच कोपऱ्याला धरून ४०९६ च्या मागे लागा.