पहिल्या स्प्रिंटच्या आधी काय काय ठरलेलं असावं

टीमने स्क्रम, म्हणजे स्प्रिंट नावाच्या छोट्या ठरावीक टप्प्यांत काम करायची पद्धत, वापरायचं ठरवलं की सगळ्यात आधी मीटिंगची आमंत्रणं जातात. रोज सकाळी डेली ही छोटी बैठक, दर दुसऱ्या सोमवारी स्प्रिंटचं प्लॅनिंग, स्प्रिंटच्या शेवटच्या शुक्रवारी झालेलं काम दाखवायचा रिव्ह्यू आणि कामाच्या पद्धतीवर बोलायची रेट्रो. हे काम सर्वांत सोपं, म्हणून ते आधी होतं. पण कोणत्या गोष्टीत शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेलं नसेल तर त्याच मीटिंगमध्ये रोज तोच वाद नव्याने होतो. म्हणून तयारी माणसांपासून करा, वेळापत्रकाकडे नंतर वळा.

पहिला प्रश्न प्रॉडक्ट ओनरचा. स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांच्या स्क्रम गाइड या नियमपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलंय: प्रॉडक्ट ओनर म्हणजे एक माणूस, समिती नव्हे. तो मतं दहा जणांची घेईल, पण बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, काय वर आणि काय खाली, हे तोच ठरवणार. तुमच्याकडे हे खरंच तसं आहे का, याची परीक्षा सोपी आहे. बॅकलॉगमधली वरची दोन कामं त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातलं एकच होणार असेल तर कोणतं? दर वेळी ‘विचारून सांगतो’ असं उत्तर येत असेल, तर ज्याला तो विचारायला जातो तोच तुमचा खरा प्रॉडक्ट ओनर आहे. एक तर त्या व्यक्तीला ही जबाबदारी घ्यायला सांगा, नाहीतर आत्ताच्या माणसाला निर्णयाचा अधिकार मिळवून द्या. हे स्प्रिंट सुरू होण्याआधीच व्हायला हवं. मधल्यामध्ये अडकलेल्या माणसाचे फार हाल होतात आणि टीमचेही.

स्क्रम मास्टर ठरवताना मी एका गोष्टीवर अडून बसेन: ज्याच्या हातात टीमचं अप्रेझल आहे, त्याला शक्यतो हे काम देऊ नका. माणूस कितीही चांगला असला तरी पगारवाढ लिहिणाऱ्यासमोर ‘आमचं इथे चुकतंय’ असं मोकळेपणाने कोणी बोलत नाही. मीटिंग लावणं आणि बोर्डवरची कार्डं सरकवणं एवढंच स्क्रम मास्टरचं काम नाही. स्क्रम नीट चालतोय ना, हे बघणं आणि वाटेतले अडथळे दूर होतील अशी व्यवस्था करणं, ही त्याची जबाबदारी. म्हणून त्याला पहिल्या दिवसाआधीच अडथळ्यांची यादी करायला सांगा. टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस कोणाकोणाला नाही, कोणती परवानगी दुसऱ्या टीमकडे अडकते, रिलीजची चावी कोणाकडे आहे. यातले निम्मे प्रश्न आधीच सुटले तरी पहिला आठवडा वाया जात नाही.

उरलेले सगळे डेव्हलपर. इथे टेस्टर आणि डिझायनरही डेव्हलपरच. गाइडच्या 2020 च्या आवृत्तीने स्क्रम टीमच्या आतली वेगळी ‘डेव्हलपमेंट टीम’ काढून टाकली. आता एकच टीम, साधारण 10 किंवा त्याहून कमी माणसांची, प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर धरून. तपासायचं एवढंच, की काम पूर्ण करायला लागणारी सगळी कौशल्यं या टीममध्ये आहेत ना. आणि स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं हे डेव्हलपरच ठरवतील, हे वरच्यांना आधीच सांगून ठेवा. ‘अजून दोन कामं बसवा ना’ हा आग्रह पहिल्याच प्लॅनिंगला होतो आणि तिथे मान तुकवली की ती सवय मोडणं जड जातं.

आता सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट: ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, हे लिहून काढणं. सगळ्यांनी एकत्र बसा आणि विचारा, हे काम झालं असं आपण कधी म्हणू? एक जण म्हणेल, कोड लिहून झाला की. दुसरी म्हणेल, रिव्ह्यू झाला की. टेस्टर म्हणेल, मी अजून हातही लावलेला नाही. हा मतभेद आत्ता बाहेर येऊ द्या. मग लिहा: कोड दुसऱ्या कोणीतरी वाचलाय, ऑटोमेटेड टेस्ट पास आहेत, टेस्ट सर्व्हरवर चालवून पाहिलंय, मदतीचं पान बदललंय. ज्या कामात यातलं काहीही राहिलंय ते रिव्ह्यूमध्ये दाखवायचं नाही, ते परत बॅकलॉगमध्ये जातं. नियम कडक वाटेल, पण ‘नव्वद टक्के झालंय’ या उत्तरातून सुटका याच नियमाने होते.

बॅकलॉग पूर्ण असायची गरज नाही. पहिल्या स्प्रिंटला पुरतील एवढी वरची कामं मात्र नीट फोडलेली हवीत. ‘रिपोर्ट सुधारणे’ अशी ओळ घेऊन प्लॅनिंगला बसू नका. ‘विक्रीचा मासिक रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवता यावा आणि त्यातल्या तारखा व रकमा बरोबर याव्यात’ अशी ओळ असेल तर तिच्यावर बोलता येतं. स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) वापरायचे की नाही, हा वाद बाजूला ठेवा. गाइडमध्ये ते सक्तीचे नाहीत.

इव्हेंट्सच्या, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या बैठकांच्या, वेळा एव्हाना सहज ठरतील. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा. महिन्याच्या स्प्रिंटसाठी कमाल मर्यादा अशा: प्लॅनिंग 8 तास, रिव्ह्यू 4, रेट्रो 3. स्प्रिंट लहान असेल तर हा वेळही त्या मानाने कमी होतो. प्लॅनिंगला प्रॉडक्ट ओनरने स्प्रिंटच्या ध्येयाचा कच्चा मसुदा आणावा आणि प्रत्येकाने आपल्या सुट्ट्या सांगाव्यात. एवढी साधी गोष्ट, पण ती हमखास राहते. डेलीला 15 मिनिटं, रोज त्याच वेळी, त्याच जागी. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न 2020 च्या आवृत्तीत नाहीत. ध्येयापर्यंत पोचतोय का आणि नसू तर आज काय बदलायचं, एवढं बोला. हिशोब मॅनेजरला द्यायचा नसून एकमेकांत जुळवाजुळव करायची आहे.

रिव्ह्यूसाठी खरे वापरणारे किंवा त्यांना रोज भेटणारे लोक आत्ताच बोलावून ठेवा, कारण आयत्या वेळी कोणी येत नाही. स्लाइड नकोत, चालतं सॉफ्टवेअर दाखवा आणि त्यांच्याच हातात द्या. रेट्रो वेळ नाही म्हणून कापू नका. तिथून दहा सूचना निघाल्या तरी सर्वांत जास्त उपयोगाचा एक बदल उचला आणि तो पुढच्या स्प्रिंटच्या कामांत टाका.

एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलून ठेवा: ध्येयालाच अर्थ उरला नाही, तर स्प्रिंट मधेच रद्द करता येतो आणि तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा. वरून कोणाचा फोन आला म्हणून स्प्रिंट मोडत नाही. तातडीचं काम आलं तर ते आधी प्रॉडक्ट ओनरकडे जाईल, तो डेव्हलपरांशी बोलेल आणि ध्येय धोक्यात येत नसेल तरच स्प्रिंटमध्ये येईल. त्याच्या बदल्यात कोणतं काम बाहेर जाणार, हेही तेव्हाच ठरेल.