पॅनेल शेवटी घ्या, आधी गच्चीवरची सावली मोजा

वाळवा तालुक्यात वायरिंगची कामं करतो. अलीकडे निम्मे फोन सोलरचेच येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "तीन किलोवॅटला किती पडतील?" मी उलट विचारतो, वर्षभराची बिलं हाताशी आहेत का?

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. मे महिन्याचा फुगलेला आकडा धरू नका. बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागा. आपल्याकडे एक किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला १२०. तुमची सरासरी २४० असेल तर दोन किलोवॅट पुरे. जादा तयार झालेली वीज पुढच्या बिलांतून वळती होते हे खरं, पण ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. तेव्हा "असू दे एखादं जास्तीचं" असं म्हणून पॅनेल वाढवण्यात राम नाही.

त्याआधी पंखे बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा तीसेक वॅटवर चालतो. चार पंखे रोज बारा तास फिरत असतील तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात. एवढ्या युनिटांसाठी अर्धा किलोवॅट सोलर लागेल. मी पंखे बदला म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं, हा काम टाळतोय.

आता सावली. पॅनेल ओळीने जोडलेली असतात. पाण्याच्या पाइपवर एका जागी पाय दिला की पुढची धार बारीक होते, तसं एका पॅनेलवर सावली पडली की सगळ्या ओळीची वीज उतरू शकते. सावली बघायचे दिवस डिसेंबरचे, २१-२२ तारखेच्या आसपासचे. सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. सांगली भागात त्या दिवसांत सकाळी नऊला वस्तूच्या उंचीच्या दुपटीएवढी सावली वायव्येकडे जाते. चार फूट उंच टाकी असेल तर आठ फूट जागा गेली. खडू घेऊन गच्चीवर जा. नऊला, बाराला, तीनला टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि शेजारच्या नारळाची सावली आखून घ्या. जी जागा तिन्ही वेळा कोरी राहील ती पॅनेलची. उन्हाळ्यात काम काढलंत तर उंची मोजून अंदाज बांधा. मे महिन्यात दुपारी गच्ची मोकळी दिसते, त्यावर जाऊ नका. शक्य असेल तर टाकी पॅनेलच्या उत्तरेला हलवा. हे काम प्लंबर अर्ध्या दिवसात करतो. तोंड दक्षिणेला, कल सतरा-अठरा अंशांचा.

हल्लीचं ५४० वॅटचं पॅनेल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट असतं, वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो. दोन किलोवॅटला चार लागतात. वळवाचं वारं त्याखाली शिरतं, म्हणून स्ट्रक्चर जीआयचंच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचंच घ्या, नट-बोल्ट स्टीलचे. स्लॅबला भोकं पाडली तर त्याच दिवशी वॉटरप्रूफिंग करून घ्या. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: एक पॅनेलचा, एक सोलर इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या यंत्राच्या) एसी बाजूचा, एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लायटनिंग अरेस्टरचा. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडणारा माणूस दिसला तर काम थांबवा.

कागदांत अडकतं ते नावावर. निम्म्या घरांची मीटरं अजून आजोबांच्या नावावर असतात. आधी मीटर नावावर करून घ्या, मगच पीएम सूर्यघर या केंद्राच्या अनुदान योजनेच्या पोर्टलवर अर्ज भरा. अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. त्यापुढे कितीही बसवा, एकूण ७८,०००च. पैसे काम झाल्यावर तुमच्या खात्यात येतात, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. अनुदानाला भारतीय सेलची पॅनेल लागतात. अशा पॅनेलना 'डीसीआर' म्हणतात, कोटेशनवर तसं लिहून घ्या.

एक गोष्ट मी सही करण्याआधीच सांगतो. लाइट गेली की साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनीला जोडलेलं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. एका आक्कांनी तोंडावर विचारलं, "एवढं पैसं घालून बी अंधारातच बसायचं व्हय?" कारण असं, की लाइन बंद करून वायरमन पोलवर चढलेला असतो. तुमच्या गच्चीवरून वीज उलटी गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. अंधार नको असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, पण खर्च चांगलाच वाढतो. रोज तासभर लाइट जात असेल तर माझं मत, जुना इन्व्हर्टरच राहू द्या.

आमच्याकडे गळीत हंगामात आणखी एक व्याप. कारखान्यांच्या चिमण्यांतली काजळी आणि पेटवलेल्या पाचटाची राख गच्चीवर उतरते, पॅनेलवर बोट फिरवलं की काळं होतं. त्या महिन्यांत आठवड्याला पुसा, एरवी पंधरवड्याला. ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, साबण नको. बोअरच्या क्षारी पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या.

कोळशावर बनणाऱ्या एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. दोन किलोवॅटने वर्षाला पावणेदोन-दोन टन कोळसा वाचतो. हा हिशेब गिऱ्हाईक विचारत नाही, शाळेत जाणारी पोरं विचारतात.

घेतलेली आणि लाइनीत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं नेट मीटर बसल्यावर पहिलं बिल आलं की आयात-निर्यातीचे आकडे मीटरशी ताडून बघा. स्थिर आकार राहणारच, शून्य बिलाच्या जाहिरातीवर जाऊ नका. निर्यातीच्या रकान्यात काहीच दिसत नसेल तर रीडिंग जुन्या पद्धतीनेच घेतलं गेलेलं असू शकतं. मीटरचा फोटो काढा आणि त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या.